९ एमएम कार्बाइन, सराव आणि घर दोन्हींसाठी: भरवशाची कोणती, आणि भरवसा तपासायचा कसा?

प्लेनोवासी

डॅलसच्या उत्तरेला राहतो, ग्रीन कार्ड आहे, घरात ग्लॉक १९ आहे. बायकोच्या उजव्या मनगटाला कार्पल टनेलचा त्रास आहे. तिला पिस्तुलाची स्लाइड ओढणं जड जातं आणि नेमही टिकत नाही. म्हणून खांद्याला लावून दोघांनाही चालवता येईल अशी ९ एमएमची कार्बाइन, म्हणजे पिस्तुलाच्या काडतुसाची आखूड रायफल, घ्यायचा विचार आहे. जवळच्या इनडोअर रेंजवर रायफलची काडतुसं चालत नाहीत, पिस्तुलाची चालतात, हेही एक कारण.

यादीत सध्या रुगर पीसी कार्बाइन, स्मिथ अँड वेसनची एफपीसी, केल-टेक सब-२००० आणि ग्लॉकची मॅगझिनं घेणारी एआर पद्धतीची (एआर-१५ रायफलीच्या घडणीची) एखादी ९ एमएम आहे. काही जण म्हणतात, ब्लोबॅक म्हणजे साधी यंत्रणा, बिघडायला आहेच काय? दुसरीकडे दर पन्नास गोळ्यांना अडकणाऱ्या कार्बाइनच्या तक्रारीही वाचल्या. खरं काय? हॉलो पॉइंट (पोकळ तोंडाची, लागल्यावर उमलणारी गोळी) नीट भरली जातात का? किती गोळ्या चालवल्या म्हणजे घरासाठी विश्वास ठेवावा? आणि ९ एमएम भिंतीतून जात नाही म्हणतात, ते कितपत खरं?

घरात ९ आणि १३ वर्षांची दोन मुलं आहेत. शिवाय उन्हाळ्यात आईबाबा येतायत, बाबांना रेंजवर यायची फार हौस आहे.

---

बोल्टबहाद्दर

"साधी यंत्रणा म्हणून भरवशाची" हे अर्धंच खरं आहे. ब्लोबॅकमध्ये बोल्टला, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या ठोकळ्याला, कुलूप नसतं. काडतूस फुटलं की पुंगळी मागे यायला बघते आणि तिला थोपवतं ते फक्त बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग. गोळी नळीतून निघून दाब उतरेपर्यंत बोल्ट फार मागे सरकता कामा नये, म्हणून तो जड करावा लागतो. एआर पद्धतीच्या ९ एमएममध्ये बोल्ट आणि बफर (बोल्टमागचं, स्टॉकच्या नळीतलं सरकतं वजन) मिळून २० ते २४ औंस भरतात, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपास. इतकं वजन मागेपुढे आपटतं, म्हणून काडतूस दुबळं असूनही ५.५६ च्या (रायफलच्या काडतुसाच्या) एआर-१५ पेक्षा धक्का जास्त जाणवतो. नव्याने घेणाऱ्यांना याचं हमखास आश्चर्य वाटतं.

बिघाडाचं मूळही इथेच आहे. वजन कमी पडलं तर बोल्ट लवकर आणि जोरात उघडतो. पुंगळी बुडाशी फुगते, एक्स्ट्रॅक्टरवर (पुंगळी ओढून काढणाऱ्या नखीवर) मार बसतो, बोल्ट परत येऊन आपटतो आणि उसळतो, बोल्ट कॅच (मॅगझिन रिकामं झाल्यावर बोल्ट मागे अडवणारा खटका) तुटतो. वजन किंवा स्प्रिंग जास्त झाली तर ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सौम्य काडतुसाने बोल्ट पूर्ण मागे जात नाही. मग पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते किंवा बोल्ट पुढची गोळी न उचलताच रिकाम्या चेंबरवर (नळीत काडतूस बसतं ती जागा) बंद होतो. कारखान्याने हे गणित जुळवूनच दिलेलं असतं. लोक हलका बफर, हलकी स्प्रिंग, "धक्का कमी करणारं किट" घालतात आणि मग जॅमची तक्रार घेऊन येतात. त्या तक्रारी वाचताना गन जशी आली तशीच आहे का, हे आधी बघा.

दुसरं मूळ मॅगझिन, आणि खरं तर पहिला संशय तिथेच घ्यायचा. मॅगझिनचे ओठ किंचित फाकले, चिरले, किंवा मॅगझिन कॅच एखादा मिलिमीटर खाली बसला, तरी गोळीचं नाक चेंबरच्या तोंडाऐवजी खालच्या उतारावर आदळतं. गोल नाकाची एफएमजे (पूर्ण धातूच्या कवचाची सरावाची गोळी) तिथूनही घसरून आत जाते. रुंद तोंडाची हॉलो पॉइंट अडते. म्हणून "रेंजवर हजार गोळ्या चालल्या, काही झालं नाही" याला घरातल्या काडतुसाच्या बाबतीत अर्थ नाही. मॅगझिन गन बनवणाऱ्याचं किंवा मूळ पिस्तूलवाल्याचंच घ्या. ग्लॉकच्या बाबतीत ग्लॉकचं. स्वस्तातली ३३ गोळ्यांची नक्कल फार तर सरावाला ठेवा. मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते ही समजूत सोडा. ती झिजते ते सततच्या भरण्या-रिकामं करण्याने.

आता यादीबद्दल.

रुगर पीसी कार्बाइन: बोल्टच्या आत टंगस्टनचं सरकतं वजन आहे. बोल्ट मागे थांबला की ते थोडं उशिरा येऊन आदळतं, त्याने उसळी मरते आणि धक्का पसरतो. नळी १६.१२ इंच, वजन सुमारे ६.८ पौंड. बहुतेक मॉडेलांत मॅगझिनचा खाचा बदलता येतो, त्यामुळे तुमच्या ग्लॉक १९ ची १५ ची मॅगझिनं यातही चालतील. बोल्टचा हँडल आणि मॅगझिनचं बटण डावीकडे घेता येतं. नळी काढून दोन तुकडे होतात. त्या जोडात खेळ वाटला तर समायोजनाची रिंग मॅन्युअलप्रमाणे घट्ट करायची, नाहीतर नेम भरकटतो. रेड डॉट (लाल ठिपक्याचं नेमसाधन) गनच्या मधल्या भागावर असतो आणि नळी वेगळी निघते, म्हणून जोडून झाल्यावर दोन-चार गोळ्या मारून झीरो (ठिपक्याच्या जागी गोळी लागते का) बघितल्याशिवाय घरात ठेवू नका. सफाईसाठी ॲलन कीने स्टॉक सोडवावा लागतो. तेवढंच काय ते कटकटीचं.

एफपीसी २०२३ पासून आहे, आडवी दुमडते, एम अँड पी पिस्तुलाची मॅगझिनं घेते. चांगली आहे, पण घरात ग्लॉक असताना दोन जातींची मॅगझिनं कशाला?

सब-२००० हलकी, चार-सव्वाचार पौंडांची, मधोमध दुमडणारी. ट्रिगर जड, गाल टेकायची जागा कडक, थेट स्टॉकच्या धातूच्या नळीवर. प्रवासात ठेवायला ठीक. मनगट दुखणाऱ्या माणसाने तिच्यावर तासभर सराव करावा असं सुचवणार नाही.

एआर पद्धतीच्या ९ एमएममध्ये "कोणाची" यावर सगळं अवलंबून. इथे एक जुनं दुखणं आहे. ९ एमएमचं काडतूस आखूड, पण बफर ट्यूब रायफलच्या मापाची. बोल्ट गरजेपेक्षा बराच मागे जातो, आणि शेवटच्या गोळीनंतर पूर्ण वेगाने पुढे येऊन बोल्ट कॅचवर आदळतो. कॅच तुटतो तो यामुळे. उपाय म्हणजे लांब बफर किंवा ट्यूबच्या तळाशी स्पेसर. लोक क्वार्टरची नाणी टाकतात. एक नाणं १.७५ मिमी, चार टाकली की ७ मिमी. मात्र बोल्ट कॅचच्या मागे जाऊन वर थोडी तरी मोकळीक राहिलीच पाहिजे. जास्त भरलं तर बोल्ट कॅचपर्यंत पोचतच नाही. कारखान्याने ९ एमएमसाठीचा बफर दिलेला असेल तर काहीही टाकायची गरज नाही.

सिग एमपीएक्समध्ये गॅस पिस्टन आणि फिरून लॉक होणारा बोल्ट आहे. सीएमएमजीच्या रेडियल डिलेडमध्ये बोल्ट उघडायला उशीर केला जातो. दोन्हींचा धक्का मऊ, पण किंमत दुप्पट आणि सुटे भाग जास्त.

एक गोष्ट दुकानातच बघा. ब्लोबॅक कार्बाइनची स्प्रिंग कडक असते. बायकोला स्लाइड जड जाते म्हणून कार्बाइन घेताय आणि तिचा बोल्टच ओढवला जात नाही असं व्हायला नको. हॅमर (चाप ओढल्यावर ठोका मारणारा हातोडा) पडलेला असताना पहिली ओढ जास्त लागते, कारण बोल्टला स्प्रिंगबरोबर हॅमरही दाबायचा असतो. दुकानदाराची परवानगी घेऊन, रिकामी असल्याची खात्री करून, हॅमर पडलेल्या अवस्थेतून तिलाच पाच वेळा ओढायला सांगा. रुगरचा हँडल बाजूला असल्यामुळे चांगल्या हाताने, कोपर मागे नेऊन ओढता येतो. एआरचा मागचा टी-हँडल दुखऱ्या मनगटाला त्रासदायक.

---

रेंजवाली

वरचं पटलं. फक्त मॉडेल चांगलं म्हणून तुमचा नग चांगला असं धरू नका. तपासायची रीत देते.

खोक्यातून काढली की आधी सफाई. कारखान्यातलं तेल गंजापासून वाचवायला असतं, वंगण म्हणून नव्हे. नळी आणि चेंबर कोरडं, बोल्ट ज्या कडांवर घसरतो तिथे दोन-तीन थेंब, फायरिंग पिनच्या भोकात एकही नाही. तिथे तेल गेलं की काजळी धरते आणि ठोका हलका पडतो.

मॅगझिनांवर पेंट मार्करने १, २, ३ असे आकडे टाका. आकडे नसतील तर पुढची सगळी वही वाया.

पहिल्यांदा मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या. एका चापाला एकच सुटते ना, ते बघायचं. दोन सुटल्या तर तिथेच थांबा आणि गन दुरुस्तीला पाठवा. असं चार-पाच वेळा नीट झालं की पूर्ण मॅगझिन. प्रत्येक मॅगझिन किमान तीनदा पूर्ण रिकामं करा आणि शेवटच्या गोळीला बोल्ट मागे थांबतो का लिहा. सरावाची काडतुसं ११५ आणि १२४ ग्रेन मिसळून ५०० होऊ देत, मध्ये सफाई नको. नंतर घरात जे हॉलो पॉइंट ठेवणार त्याच ब्रँडच्या, त्याच वजनाच्या २००. डॉलरच्या आसपास एक गोळी पडते, खिसा दुखतो, पण ५० वर भागवू नका. यातल्या निम्म्या तुमच्या बायकोने चालवायच्या. खांद्याला सैल टेकवून, दुखऱ्या हाताने, डाव्या खांद्यावरून. घट्ट धरणाऱ्याच्या हातात चालणारी गन सैल धरणाऱ्याच्या हातात पुंगळी अडकवते, हे पिस्तुलाइतकं नाही तरी हलक्या कार्बाइनमध्ये दिसतं.

हॉलो पॉइंटच्या वेळी दोन जागा नीट बघा. पूर्ण भरलेल्या मॅगझिनची पहिली गोळी, कारण तेव्हा दाब सर्वांत जास्त, आणि शेवटच्या दोन, कारण तेव्हा सर्वांत कमी. जॅम बहुधा या दोन टोकांना येतो.

काही अडकलं की हिसडा मारून साफ करायच्या आधी नजर टाका. नळीचं तोंड लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, आणि मग बघा:

गोळीचं नाक खाली टेकलंय: मॅगझिन. दुसऱ्या मॅगझिनने तसं होत नसेल तर प्रश्न मिटला, त्या नंबरावर फुली मारा आणि ते सराव-पेटीत टाका.

बोल्ट शेवटचे दोन-तीन मिमी बंद होत नाही: घाणेरडं चेंबर, किंवा काडतूस लांब किंवा फुगलेलं. ९ एमएमची कमाल लांबी १.१६९ इंच, २९.६९ मिमी. नळी सुटी निघत असेल तर काडतूस चेंबरमध्ये टाका, टक्क आवाज करून बसलं पाहिजे, बोटाने फिरलं पाहिजे आणि नळी उलटी केली की आपोआप पडलं पाहिजे. इथे बोल्टला ठोसे मारून बंद करू नका. कुलूप नसलेल्या यंत्रणेत बोल्ट अर्धवट असताना हॅमर पडला तर पुंगळी आधाराविना फुटते आणि गरम वायू मॅगझिनच्या वाटेने, चेहऱ्याच्या बाजूने बाहेर येतो. चष्मा कायम डोळ्यांवर असावा तो यासाठीच. हॅटही असू द्या, बाजूच्या लेनमधल्या गरम पुंगळ्या कॉलरमध्ये जातात.

रिकामी पुंगळी खिडकीत उभी: काडतूस दुबळं, एक्स्ट्रॅक्टरखाली कचरा, किंवा स्प्रिंग जास्त. एक्स्ट्रॅक्टरच्या नखीखालचा काळा थर जुन्या टूथब्रशने काढा, निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

आवाज फुस्स आला, धक्का लागला नाही: ताबडतोब थांबा. पुढची गोळी मारू नका. दारू कमी पडली की गोळी नळीत अडकून राहते, आणि १६ इंची नळीत ती शक्यता पिस्तुलापेक्षा जास्त. मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, रॉड घालून नळी आरपार आहे का बघा.

एवढं सगळं करून जॅम आला आणि कारण मॅगझिन ठरलं, तर ते मॅगझिन बाद. कारण गन ठरली तर दुरुस्त करा आणि हॉलो पॉइंटच्या २०० पुन्हा पहिल्यापासून मोजा.

सरावाबद्दल थोडं. रेड डॉट नळीच्या वर अडीच इंचांच्या आसपास असतो. झीरो २५ यार्डांवर केला तरी घरातल्या अंतरावर, म्हणजे पाच-सात यार्डांवर, गोळी ठिपक्याच्या दोनेक इंच खाली लागते. हे कागदावर बघून डोक्यात बसवा. दाराच्या चौकटीआडून किंवा सोफ्यावरून नेम धरताना याचा दुसरा भाग कळतो: ठिपका मोकळा दिसतो आणि नळीचं तोंड चौकटीत असतं.

मॅगझिन भरताना जोडीदाराने मध्येच दोन नकली काडतुसं टाकावीत, चालवणाऱ्याला कुठे ते न सांगता. चाप ओढला, काहीच झालं नाही, की मॅगझिनच्या बुडाला थाप, बोल्ट पूर्ण मागे ओढून सोडायचा, पुन्हा नेम. हात बोल्टबरोबर पुढे आणायचा नाही, स्प्रिंगलाच पुढे जाऊ द्यायचं. हळूच सोडलेला बोल्ट अर्धवट बंद होतो आणि मग गनला दोष.

इनडोअर रेंजवर बरेचदा चुंबक लावून काडतुसं बघतात. स्वस्त आयात मालात जॅकेटमध्ये लोखंड असतं, ते परत करतात, म्हणून एकदम हजार घेण्याआधी रेंजचा नियम विचारा. कानांत प्लग आणि वर मफ, दोन्ही. लांब नळीतूनसुद्धा आवाज १४० डेसिबलच्या वरच असतो. ब्लोबॅकमध्ये काजळी जास्त चेहऱ्याकडे येते, तिच्यात शिसं असतं. संपल्यावर हात-तोंड साबण आणि गार पाण्याने धुवा, तोवर खाणं नाही, आणि रेंजचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये नकोत.

---

भिंतीपलीकडे

"९ एमएम भिंतीतून जात नाही" हा गैरसमज सर्वांत घातक आहे, म्हणून तेवढ्याचंच उत्तर. आपल्या डोक्यात भिंत म्हणजे विटांची, प्लास्टरची. टेक्सासच्या घरातली आतली भिंत म्हणजे लाकडी पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा जिप्समचा पत्रा. ९ एमएमची कुठलीही चांगली गोळी अशा भिंती एकामागून एक पार करते. हॉलो पॉइंटच्या तोंडात जिप्समची पूड भरते, मग ती उमलतच नाही आणि एफएमजेसारखी पुढे जाते. एफबीआयच्या चाचणीत गोळी जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच जावी अशी अपेक्षा असते. जी तिथे पास होते तिला जिप्सम काय अडवणार? उलट ५.५६ ची हलकी, तुटणारी गोळी भिंतीत शिरल्यावर लवकर गडबडते, बरेचदा ९ एमएमपेक्षा कमी जाते. तीही जातेच, शून्य कोणीच नाही. म्हणजे "भिंतींसाठी ९ एमएम" हे कारण यादीतून काढा. ५.५६ चा बंद खोलीतला आवाज आणि ज्वाळा, सरावाचा खर्च, तुमच्या रेंजचा नियम, ही कारणं खरी आहेत. शुद्ध यांत्रिक भरवसा बघितला तर चांगल्या कारखान्याची ५.५६ एआर-१५ बहुतेक ९ एमएम कार्बाइनपेक्षा सरस, हेही मान्य करावं.

लांब नळीने वेग वाढतो तो हलक्या गोळीचा जास्त, ११५ ग्रेनला साधारण १०० ते २०० फूट प्रति सेकंद. १४७ ला बराच कमी. हॉलो पॉइंट पिस्तुलाच्या वेगासाठी बनवलेली असते, म्हणून १४७ ग्रेन कार्बाइनमध्ये तिच्या मापातच राहते. +पी (जास्त दाबाचं काडतूस) घ्यायचं कारण दिसत नाही. त्याने बोल्टचा वेग वाढतो, बाकी हाती फार काही लागत नाही.

घराचा नकाशा काढा. तुम्ही कुठे उभे राहणार, तिथून कोणत्या दिशेला मुलांची खोली, कोणत्या दिशेला शेजाऱ्याची बेडरूम. काही कोपरे असे निघतात की तिथून गोळी चालवायचीच नाही. आणि कार्बाइनवर टॉर्च हवाच. मात्र कोण आहे ते ओळखायला नळी रोखायची नाही, जमिनीवर किंवा छतावर मारलेला उजेडही खोली दाखवतो. १३ वर्षांचं पोर रात्री दोनला फ्रिज उघडायला उठतं.

---

कागदपत्रवाला

बाबांची हौस इथेच थांबवा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला गन किंवा काडतूस बाळगता येत नाही, आणि रेंजवर भाड्याची गन हातात घेणं हेही बाळगण्यातच धरलं जातं. बी-२ (पर्यटक व्हिसा) वर आलेले आईबाबा यात येतात. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हेही येतात. नेहमीचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना. तो आधी काढला असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर बाबांनी काचेमागून बघावं. घरातली गन त्यांच्या हाताला लागेल अशीही ठेवू नका. तिजोरीचा कोड त्यांना देऊ नका, गैरसमज झाला तरी चालेल.

टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली गन लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे. लांब गनसाठी बटणाच्या कुलपाची झटपट उघडणारी पेटी मिळते, ती भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने पक्की करा. आत चेंबर रिकामं, मॅगझिन लावलेलं. मॅगझिन पूर्ण ठासून भरू नका. बंद बोल्टखाली ठासलेलं मॅगझिन वर चढत नाही, अर्धवट बसतं आणि पहिल्याच ओढीला खाली पडतं. १७ चं असेल तर १५, १५ चं असेल तर १४. लावल्यावर खाली ओढून बघा.

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी: तिथे मॅगझिनची मर्यादा १० गोळ्यांची, आणि दुमडणारा स्टॉक, आटे असलेली नळी यांवरही बंधनं आहेत. रुगरची अशा राज्यांसाठी वेगळी मॉडेलं आहेत, बिनआट्याची नळी आणि १० चं मॅगझिन. नातेवाइकांकडे गाडीने जाताना टेक्सासचं १५ चं मॅगझिन डिकीत राहिलं तरी तिकडे ते बेकायदा. नळी १६ इंचांपेक्षा आखूड आणि खांद्याचा स्टॉक, हे केंद्रीय नोंदणी आणि मंजुरीशिवाय नाही, त्यामुळे "छोटी आणि गोंडस" दिसणारी गन घेऊन तिला नंतर स्टॉक लावायचा विचार असेल तर सोडा.

आणि रेंजची बॅग भारतात प्रवासाला वापरू नका. कप्प्याच्या शिवणीत राहिलेलं एक जिवंत ९ एमएम काडतूस मुंबई विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की आर्म्स ॲक्टची केस उभी राहते. त्यात ९ एमएम भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापाच्या वर्गात) मोडतं. बॅग एकच ठेवा आणि तिला फक्त रेंज दाखवा.

---

प्लेनोवासी

सगळ्यांचे आभार. बाबांना सांगायचं काम बायकोकडे दिलंय. 🙂 रुगर जवळजवळ नक्की. पण शेजारी एक वापरलेली एआर पद्धतीची ९ एमएम निम्म्या किमतीत देतोय, ग्लॉकची मॅगझिनं, हलका ट्रिगर बसवलेला. तो म्हणतो दोन हजार गोळ्या झाल्यात, अधूनमधून एखादी "फुटत नाही", प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या पेटवणाऱ्या टिकलीवर) नुसता खड्डा, दुसऱ्यांदा मारली की फुटते. काडतुसं खराब असतील?

---

बोल्टबहाद्दर

दुसऱ्या ठोक्याला फुटते म्हणजे प्रायमर जिवंत आहे, पहिल्या ठोक्याला जोर कमी पडला. पहिला संशय त्या हलक्या ट्रिगरवर. चाप हलका करायला हॅमरची स्प्रिंग सौम्य करतात, आणि कारखान्याच्या काही काडतुसांचे प्रायमर कडक असतात. दुसरी शक्यता बोल्ट पूर्ण बंद न होण्याची: हॅमरचा जोर बोल्ट पुढे ढकलण्यात जातो, प्रायमरला उरलेलाच मिळतो, आणि दुसऱ्या ठोक्यापर्यंत बोल्ट बसलेला असतो. ही शक्यता जास्त वाईट, कारण याच गनमध्ये कधीतरी बोल्ट अर्धवट असताना काडतूस पूर्ण फुटेल. फरक कळण्यासाठी त्याच्याकडच्या चाललेल्या दहा-वीस पुंगळ्या मागून घ्या. बुडाच्या थोडं वर, एकाच बाजूला फुगवटा दिसला तर गनला हात लावू नका.

शिवाय एआरचे बरेच हलके ट्रिगर ९ एमएम ब्लोबॅकसाठी नसतातच. जड बोल्ट हॅमरला दर वेळी जास्त जोरात खाली हाणतो, त्यात हॅमरची पिन तुटते किंवा सरकून बाहेर येते. लोअरच्या (ट्रिगर बसतो त्या खालच्या भागाच्या) दोन्ही बाजूंना पिनचं टोक समपातळीत आहे का, भोक लांबट झालंय का, ते नखाने चाचपून बघा. बोल्ट कॅच वाकलाय का, इजेक्टरचं (पुंगळी बाहेर उडवणाऱ्या पट्टीचं) टोक मशरूमसारखं पसरलंय का, बफरवर वजनाचा शिक्का काय आहे. त्यातला बफर साधा तीन औंसांचा ५.५६ वाला निघाला तर उत्तर मिळालं.

यातलं काहीही दिसलं तर निम्म्या किमतीतही नको. सगळं ठीक दिसलं तरी मूळ ट्रिगर परत बसवून, वर रेंजवालीने दिलेली चाचणी पहिल्या गोळीपासून करावी लागेल. ७०० गोळ्यांचा खर्च धरा, त्यात नवा बफर आणि स्प्रिंग धरा, आणि मग नव्या रुगरच्या किमतीशी ताडून बघा.